अर्धं बोट वर

एरी सरोवराकडून कालपासून बर्फ येतोय.
बफेलोच्या पूर्वेला आमची गल्ली
पीठ सांडलेल्या ओट्यासारखी.
मी स्वयंपाकघरात. टेबलाचा एक पाय लंगडा,
त्याखाली गेल्या वर्षीचं मुलाखतीचं गाइड दुमडून.
एवढा तरी उपयोग झाला त्याचा.

तक्त्यात एक्केचाळीस ओळी:
बँक, तारीख, कोणाशी बोलले, पुढे काय.
'पुढे काय'चा रकाना बहुतेक कोरा.
चोवीस जणांनी वाटाण्याच्या अक्षता लावल्या,
त्याही किती सुबक,
यंदाचे अर्जदार फारच गुणी होते म्हणे.
बाकीचे गप्प.
एकीनं तर रात्री दोन सतराला नकार धाडला.
मी जागी होते. म्हणजे दोघं जागे होतो,
मी आणि त्यांचं यंत्र.

ऑक्टोबरात पडद्यावर स्वतःचाच चेहरा बघत
मुलाखत दिली.
विचाराला तीस सेकंद, उत्तराला दीड मिनिट,
समोर माणूस नाही, हिरवा ठिपका.
'अपयशाचा एक प्रसंग सांगा.'
एकच?
शाळेतल्या रोबोटचा सांगितला, चाक निखळलेल्या.
शेवटी हसायचं असतं हे आठवलं
तोवर ठिपका विझला होता.

आमच्या कॉलेजचा एक हॅलोरन तिकडे पोचलाय,
पंचविसाव्या मजल्यावर.
पंधरा मिनिटं दिली त्यानं, अकरा मिनिटं सॅलड खाल्लं.
चिकाटी ठेव, म्हणाला,
आणि काटा खाली ठेवून घड्याळ पाहिलं.
इमोजेनचे मामा त्याच इमारतीत बसतात.
तिला मार्चमध्येच बोलावणं आलं.
तिचा राग येत नाही, असं मी वहीत लिहिलं होतं.
मग खोडलं. येतो. मंगळवारी जास्त येतो.
अभ्यास मात्र तिच्याच नोट्समधून करते.

गणित मला येतं, हेच दुखणं.
उद्याचा डॉलर आजच्यापेक्षा लहान, परवाचा त्याहून;
जितकं लांबचं तितकं कापून मोजायचं.
एका रात्री ती उन्हाळ्यातली नोकरी,
दहा आठवडे, काचेची इमारत, गळ्यात ओळखपत्र,
आजच्या भावात आणून पाहिली.
उत्तर आलं बेकरीतल्या एका शनिवाराएवढं:
सहा तास, डोनटांत जॅम भरत.
लॅपटॉप मिटला
आणि नऊ दिवस उघडला नाही.

बाबा शहराचा बर्फनांगर चालवतात. सव्वीस हिवाळे.
पहाटे चारला येतात, मिशीत पाणी, काखेत थर्मास.
विचारलं एकदा,
रस्ता पाठीमागे पुन्हा पांढरा होतो,
चीड नाही येत?
ते बूट काढत होते. एक मोजा ओला.
'पाठीमागे बघतं कोण? आरशावर मीठ साचलेलं असतं.'
मग बऱ्याच वेळानं, पावाला लोणी लावता लावता,
'नवी पोरं पातं पार टेकवतात.
वाटतं, खरवडूनच काढू.
मॅनहोलच्या झाकणावर आपटतं,
रस्ताच उचकटतो.
अर्धं बोट वर ठेवायचं.
थोडा बर्फ राहतो खाली. राहू दे.
गाड्या जातात त्यावरनं.'

माझ्या अर्जांबद्दल त्यांना काही सुचवायचं होतं
असं मला वाटत नाही.
ते खरंच रस्त्याबद्दल बोलत होते.

तेव्हापासून दिवसाला एकच. सातनंतर तक्ता बंद.
पत्रातलं 'लहानपणापासून अर्थविश्वाची ओढ' काढून टाकलं,
खोटं होतं.
लिहिलं की यीस्ट महागलं तेव्हा
बेकरीवाल्या मिसेस पिओत्रोव्स्कींना मी दाखवलं,
डझनामागे चौदा सेंट गळतायत,
आणि त्यांनी पेन्सिल मागून घेऊन
तो हिशेब भिंतीवर पुन्हा केला.

बेचाळिसावी ओळ. रॉचेस्टरमधली छोटी कंपनी,
नाव कोणी ऐकलेलं नाही. मीही कालच.
पाठवलं.
'पुढे काय' मध्ये काय लिहावं सुचेना,
'गुरुवार' लिहिलं.

कोपऱ्यावर नांगर वळला, बाबांचा की आणखी कोणाचा,
पिवळा उजेड छतावरून फिरून गेला.
टेबल हललं. गाइड सरकलं होतं,
पायानंच आत ढकललं.