बूच

सर्जेकोटला ओहोटी होती तेव्हा
बाबांचं डोकं होडीच्या वांकाला लागलं.
वांक त्यांनीच बसवलेला, फणसाच्या लाकडाचा.
त्यांनी लाकडालाच शिवी दिली.

कपाळावर टेंगूळ आलं, सुपारीएवढं.
जेटीवरून बर्फ आणला, सुरमईच्या खोक्यातला,
पंच्यात बांधून धरला. वास दोन दिवस गेला नाही.
टेंगूळ मात्र आठवड्यात गेलं:
निळं, मग शेवाळी,
मग हळदीचं बोट पुसल्यासारखं.
आम्ही समजलो, संपलं.

तिसऱ्या आठवड्यात चहाचा कप
डाव्या हातातून सुटला.
मग चप्पल. एकच घालून दारापर्यंत गेले
आणि दुसरी कुठे, हे न विचारता
तिथेच उभे राहिले.
रंधा दिला तर उलटा धरला.
मला आक्का म्हणाले. आक्का आत्या
वारली तेव्हा मी पाळण्यात होते.
रुक्मिणकाकी म्हणाली, "वय झाला. गाऱ्हाणा घालूया."
मी गोळ्यांचा डबा उघडला.
रक्त पातळ ठेवायची गोळी,
झडप बदलल्यापासून रोज रात्री,
एकही चुकली नव्हती.

बांबुळीला पोचेस्तोवर काळोख झाला.
फोटोत, कवटीला आतून चिकटून,
कोयत्याच्या पात्यासारखी काळपट कोर.
डॉक्टर प्रियोळकर बाईंनी पेनाच्या टोकाने दाखवली.
म्हणाल्या, सुक्या नारळात गोटा सुटतो ना,
तसा म्हातारपणी मेंदू आक्रसतो,
बारीक शिरा ताणल्या जातात,
लहानशा धक्क्याने एखादी तुटते. मग थेंब थेंब.
"होडीत पाणी भरता तसा?"
त्या हसल्या नाहीत. "तसंच."
कोर पातळ असती तर नुसती नजर ठेवली असती,
काही आठवड्यांनी परत फोटो.
पुष्कळदा अंगच आपलं रक्त जिरवतं.
पण ही मेंदूला रेटतेय, मधली रेघ सरकलीय.
गोळी बंद. रक्त गोठायचं औषध.
सकाळी दोन भोकं.

दोन भोकं,
आणि हे त्या माणसाला सांगायचं
ज्याने जन्मभर सामत्याने फळ्यांना भोकं पाडली,
एकही कधी उघडं सोडलं नाही.

रक्त लाल नव्हतं.
पिशवीत उतरलं ते
जुन्या इंजिनातलं जळकं तेल.
दोन दिवस नळी. उशी नाही, सपाट झोपायचं.
बाजूच्या खाटेवर पेडण्याचे एक मास्तर,
त्यांचं परत भरलं होतं,
दुसऱ्यांदा आत नेत होते त्यांना.
असंही होतं, म्हणाल्या बाई. लपवलं नाही.

होडी वर ओढली की तळाचं बूच काढायचं
हे काम लहानपणी माझं.
साचलेलं काळं पाणी वाळूत जायचं,
त्यात कधी एखादा मेलेला खेकडा.
पाणी संपलं तरी मी हात लावून बघायचे.
त्या रात्री पिशवीला तसाच हात लावला.
कोमट होती.

तिसऱ्या दिवशी बाबांनी डावी मूठ वळली, उघडली.
माझ्याकडे बघितलं.
"गो कुंदा, माजी दुसरी चप्पल खय?"

गोळी परत कधी सुरू करायची
यावर दोन डॉक्टर बराच वेळ बोलत होते.
झडपेला ती हवी, डोक्याला नको.
आता दर पंधरा दिवसांनी मालवणात रक्त तपासतो,
आकडा कॅलेंडरवर लिहितो,
भरती-ओहोटीच्या वेळांच्या शेजारी.

रविवारी मी त्यांना तेल लावते. केस परत आलेत.
बोट एका जागी किंचित आत जातं,
मग चार बोटांवर आणखी एकदा.
बाबा डोळे मिटून विचारतात,
"बूच घातल्यानी काय गो तेंनी?"
"नाय. नुसती कातडी आसा."
ते गप्प बसतात. तेल कानामागे उतरतं, मी पुसते.
"कापूस आनि राळ तरी
भरूक व्हयी होती."