जिन्याखालचं टेबल

थोरल्या दवाखान्याच्या खिडकीत
अठ्ठावीस वर्षं केसपेपर लिहिले मी.
कुणाला कुठल्या दारी धाडायचं
ते नुसत्या खोकल्यावरनं कळायचं.
काही माणसं मात्र गप्प उभी राहायची,
आणि त्यांच्याऐवजी भाऊ बोलायचा:
"झोप नाही ओ ह्याला. बाकी काय नाही."

त्याआधी रस्ते दोनच.
एक वाडीला, दत्ताच्या पायरीवर.
दुसरा मलकापूर, आंबा घाट, खाली रत्नागिरी.
माझी बाळाआत्या त्या दुसऱ्यानं गेली.
जाताना काकानं दोन तिकिटं काढली.
येताना एक.

मग धारवाडकडनं डॉक्टर आला.
खोली मागितली, तर जिन्याखालचं टेबल मिळालं,
मंगळवारी, दहा ते बारा,
अलीकडं प्लास्टरवाले, पलीकडं कुत्रं चावलेले.
हिंदुराव पेंटर ब्रश बुडवून थांबला:
"पाटीवर काय लिहू?"
डॉक्टरनं बराच वेळ जिन्याकडं बघितलं.
"नुसता आकडा टाका. एकोणीस."

लोक म्हणायला लागले, एकोणीसला चाललोय.
ऐकणाऱ्याला वाटायचं, गुडघा असंल.

पुढं मेडिकल वॉर्डात चार खाटा दिल्या,
खिडकीकडच्या.
खाटांबरोबर स्टोअरनं एक कुलूपही धाडलं,
पावतीवर नोंद आहे.
एस्तेर सिस्टरनं ते
साखरेच्या कपाटाला लावलं.

खाटेखाली आई झोपायची
पदराचं टोक पोराच्या घोट्याला बांधून,
उठला तर कळावं म्हणून.

सगळं गोड नव्हतं.
शेजारच्या शुगरवाल्यानं खाट बदलून मागितली.
एकदा शॉकची पेटी बिघडली,
एकदा डॉक्टरचीच बदली झाली, टेबलावर
आठ महिने सलाइनचे खोके.
दोघं पळाले.
एक पंचगंगेच्या घाटावर सापडला, कपडे धूत बसलेला.
दुसऱ्याचं नाव मी अजून कुणाला सांगत नाही.

रिटायर झालो, आणि तिसऱ्या वर्षी
माझीच झोप गेली.
खिडकीत आता कॉम्प्युटर, मागं एक पोरगी.
"कुठं दाखवायचं, काका?"
मी आजूबाजूला भाऊ शोधला.
मग म्हटलं, एकोणीस.
"एकोणीस डोळ्यांचं आहे. मनाचं वर,
पहिल्या मजल्यावर. मोठी पाटी आहे बघा."

जिना चढता चढता वाकून बघितलं.
टेबल नव्हतं.
चाक मोडलेली खुर्ची होती एक,
आणि तिच्यात मांजर,
गाढ.