गडी, वय कितीही

पात्रपरिचयात शेवटून दुसरं नाव, म्हणजे नाव नव्हतंच:
‘गडी, वय कितीही.’
त्याच्याखाली फक्त ‘फोनवरचा आवाज’.

कामगार नाट्यस्पर्धा. आम्ही सगळे अंबडचे,
टर्नर, फिटर, स्टोअरमधले दोघं,
आणि नाटक गंगापूर रोडच्या बंगल्यातलं.
सोफा रविवार कारंजावरून भाड्यानं आणला,
पॉलिशला बोटं लागू नयेत म्हणून
शिरोडे ओरडत होता. शिरोडे दिग्दर्शक.
मालक मी. कोट मेहुण्याच्या लग्नातला,
काखेत घट्ट, त्यामुळे हात आपोआप
ऐटीत लांब राहायचे.

गड्याचं काम कोणालाच नको होतं.
बायको बघायला येणार, पोरं येणार,
दिवसभर तेच आणि संध्याकाळी पुन्हा तेच?
खराटे म्हणाला, मी हवं तर पडदा ओढतो.
मग कोणीतरी म्हणालं, तो कंत्राटी पोरगा आहे ना,
आणि लहानू बेंडकोळी, हरसूलकडचा,
डिस्पॅचमधून थेट नाटकात आला.
त्याला विचारलं होतं का, आठवत नाही.

वाक्यं तीन. ‘व्हय जी.’ ‘आलो जी.’
आणि ‘मालक, तुमचं मीठ खाल्लंय म्या.’
लहानू म्हणाला, आमच्याकडे असं बोलत नाहीत.
शिरोडे म्हणाला, नाटकात बोलतात.
रंगभूषेत त्याच्या गालांना काजळी फासली,
तो म्हणाला, मी आंघोळ करून येतो कामावर.
बंडीला खांद्यावर लाल ठिगळ, मागच्या रांगेतून दिसेल असं.
ते त्यानं उलटंसुलटं करून पाहिलं.
‘ठिगळ आतून लावतात,’ म्हणाला,
‘दिसू नये म्हणून तर लावायचं.’
आम्ही हसलो. मीही.

शालिमारच्या नाट्यगृहात, दुसऱ्या अंकात,
तो ट्रे घेऊन आला.
कप रिकामे, पण धरला असा काठोकाठ
की पहिल्या रांगेतल्या बाईंनी पाय मागे घेतले.
ठेवला. संहितेत कंसात लिहिलेलं: जातो.
तो गेला नाही.
माझं शेअर्सचं वाक्य झालं, तो उभा.
वाघचौरेबाई रडून झाल्या, तो उभा.
विंगेतून शिरोडे माशी हाकलावी तसे हात करत होता.
मग माझ्या लक्षात आलं,
हा आधी कँटीनला होता. साहेबांच्या केबिनमधून
कप उचलल्याशिवाय निघायचं नसतं.

मी कप तोंडाला लावला.
बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा
माझं पिऊन व्हायची कोणी वाट बघत होतं.
नसलेला घोट गिळायला फार वेळ लागला.
कप ठेवला. त्यानं उचलला,
टेबलावर न सांडलेलं फडक्यानं पुसलं
आणि गेला.
मिठाचं वाक्य तो म्हणालाच नाही.

परीक्षकांचा कागद गेटजवळच्या फलकावर लागला.
नेपथ्य उत्तम. मालक: रुबाब चांगला.
गडी: प्रवेशानंतर रेंगाळतो.
नोकराची देहबोली सापडलेली नाही.

लहानूचं कंत्राट मार्चला संपलं.
सोफ्याचे तीनशे अजून द्यायचे आहेत, शिरोडे विषय काढत नाही.
कोट परत करायला काढला तेव्हा दिसलं,
काखेत उसवलाय.
बायकोनं टाके घातले. आतून.