बावीस फूट तीन इंच

जागा एवढीच:
गेटपासून सिलिंडरच्या पिंजऱ्यापर्यंत बावीस फूट तीन इंच,
भिंतीपासून फरशीपर्यंत अडीच.
दोनदा मोजली. टेपचं दुसरं टोक मंदाकिनीच्या हातात,
तिचं लक्ष कुकरच्या शिट्ट्यांकडे.

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांचे पाइप काढले कागदावर,
रबाळ्याच्या, तुर्भ्याच्या कारखान्यांचे:
कुठली वाफ कुठून जाईल,
कुठला व्हॉल्व्ह कुणाच्या हाताशी येईल.
हे पहिलंच ड्रॉइंग स्वतःच्या घरचं.
ऐरोली, सेक्टर चार. स्केल एकास वीस.

मागे कर्दळ, उंच, तांबडी.
तिच्यापुढे निशिगंध, मग झिनिया,
फरशीच्या कडेने चिनी गुलाब, चार-चार इंचांवर.
अबोली कोपऱ्यात, जिथे शेजाऱ्यांचा वाढवलेला सज्जा
दुपारी दोनलाच ऊन गिळून टाकतो.
प्रत्येक झाडाला वर्तुळ, वर्तुळात नंबर,
उजवीकडे खाली तक्ता: नाव, संख्या, फुलायचा महिना.
मधोमध पाण्याचा मीटर. त्यावर फुली.
मंदाकिनी म्हणाली, सही कर की. रिव्हिजन झिरो.
केली.

मग खणायला घेतलं.
वीतभर लाल माती, ती आम्हीच कधीतरी आणलेली.
खाली मुरूम. मुरमात विटांचे तुकडे, एक गंजलेला बिजागर.
आणि त्याखाली काळी, चिकट,
कुदळीला सोडेना अशी
खाडी.
हो, खाडीच. शिंपले निघाले मूठभर, अर्धे उघडे.
बोटाला लागलेली माती चाटून पाहिली,
वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी.
खारट.

चांगुणाबाई दिवागावातून मासळी घेऊन येतात.
टोपली उतरवून बघत राहिल्या.
"ह्यो आमच्या सासऱ्याचा बांद," म्हणाल्या.
कुठला बांध? त्यांनी बोट फिरवलं
माझ्या कर्दळीवरून, पिंजऱ्यावरून,
समोरच्या जिमच्या काचेतून आरपार.
इकडे भात, तिकडे भरती.
कोलंबी मोजून देताना एवढंच:
"गोडं पानी पाज तिला. दोन पावसालं जाउंदे. मंग आयकल ती."

माझ्या तक्त्यात मातीचा रकाना नव्हता.

निशिगंध कुजला.
झिनिया वीतभर वाढली आणि रुसली.
कर्दळ आली, पण पिवळी.
नर्सरीवाला म्हणाला, काका, गड्ड्यावर रंग लिहिलेला नसतो.
रिव्हिजन वन, रिव्हिजन टू.
शेणखताच्या अकरा गोण्या, पावत्यांसकट फायलीत.
अबोली मात्र सज्जाखाली निवांत,
जणू तिला कुणी काही सांगितलंच नाही.

दर दोन महिन्यांनी मीटर बघायला ठोंबरे येतो.
एक पाय फरशीवर, दुसरा वाफ्यात,
बुटाखाली चिनी गुलाबाची चार रोपं.
मी बोललो. जरा जास्तच बोललो.
पुढच्या खेपेला तो बूट गेटपाशी काढून आला,
अनवाणी, मोजा खिशात,
आणि तोच पाय त्याच जागी ठेवून आकडे वाचू लागला.
काय बोलणार?
चहा विचारला. नको म्हणाला, अजून चाळीस घरं आहेत.

त्या पावलाच्या खळग्यात सदाफुली उगवली,
मी न लावलेली.
कुठून आलं बी, कोण जाणे. गटाराच्या कडेहून, वाऱ्याने,
नाहीतर त्याच्याच तळव्याला चिकटून.
गुलाबी, मधे गडद ठिपका.
जिथे मी फुली मारली होती, तिच्या अगदी डाव्या हाताला.

मंदाकिनीने ड्रॉइंग मागितलं
आणि पेन्सिलीने एक वर्तुळ काढलं,
कंपास न घेता, बटाट्यासारखं.
नंबर?
राहू दे, म्हणाली. ठोंबरे पुढच्या वेळी पाय कुठे ठेवेल, ते बघ आधी.

त्याच्यासाठी एक फरशीचा तुकडा बसवलाय, नऊ बाय नऊ.
तो बसवताना पुन्हा खाली गेलो कोपरापर्यंत.
दोन पावसाळे होऊन गेलेत.
कुणी बघत नाही असं पाहून बोट चाटलं.

अजून आहे.
थोडी.