उसनं चाक

ओशुरच्या उआझवर तीन चाकं जादा असायची,
जमिनीवरची चार वेगळी.
एक मागच्या दाराला, दोन टपावर
दोरखंडानं आवळलेली, आडदांड बोकडांसारखी.

मी दुकानदारीण. मला वजनाचं कळतं.
एक चाक अठ्ठावीस किलो,
म्हणजे पिठाचं अर्धं पोतं आणि वर साखरेची थैली,
म्हणजे खोरोगहून गुदाऱ्याला येताना
दर खेपेला माझ्या फळीवर एक रिकामी जागा.
"तिसरं कशाला?" मी विचारायचे.
"बारतांगचा दगड सांगून टोचत नाही, वहिनी."
"दीर आहेस म्हणून ऐकून घेते," मी म्हणायचे,
आणि पुढच्या खेपेला पुन्हा विचारायचे.

त्या साली बर्फाआधीची शेवटची खेप.
मीच टपावर चढले, मीच गाठी सोडल्या,
तिसरं चाक खोरोगच्या गॅरेजात भिंतीला टेकवलं
आणि त्या जागी पीठ बांधलं.
ओशुर बोलला नाही.
वाटभर मात्र त्याची नजर तिथं जायची,
दात पडलेल्या जागी जीभ जाते तशी.

पहिलं चाक नदीच्या उतारात गेलं.
दुसरं त्याच संध्याकाळी.
ठिगळं लावली, पण गोंद थंडीत धरेना.
तिसरं सावनोबच्या पुढे कुशीत चिरलं,
तळहाताएवढं.
ओशुरनं चिरेत बोटं घातली, काढली,
आणि पॅन्टला पुसली.

दोन रात्री.
आम्ही सात जण आणि झरबोनूचे नवे दात,
खोरोगहून बसवून आणलेले, रुमालात गुंडाळलेले,
थंडीनं वाजून फुटतील म्हणून.
टपावर पीठ, खाली ना तवा ना चूल.
थर्मासच्या झाकणात पाण्याशी कालवून प्यालो.
मी आयुष्यात इतकं पीठ विकलं,
त्याची चव तेव्हा कळली.

दुसऱ्या दिवशी एक पजेरो आली, पाहुण्यांची,
मागे दोन कोरी चाकं, मेणकापडात जपलेली.
मागायच्या आधीच त्यांनी एक उतरवलं.
चाकाला सहा भोकं, आमच्या हबला पाच बोल्ट.
ओशुरनं तरी लावून पाहिलं, एकदा सरळ, एकदा उलटं.
सहा भोकांची माया पाच बोल्टांवर बसत नाही.
ते चॉकलेट देऊन गेले. खरंच वाईट वाटलं त्यांना.

तिसऱ्या सकाळी मुर्गाबकडून एक निवा,
नमद्यांच्या गुंडाळ्यांनी दारं मिटत नव्हती इतकी भरलेली.
तोख्तोसुन नावाचा माणूस, भुवयांवर धूळ.
त्याच्याकडे जादा चाक एकच.
पाच भोकं. आमच्याहून लहान, पण बसलं.
तो किंमत बोलला नाही, परत कधी द्याल तेही नाही.
मी, जी चिमूटभर मिठाचाही हिशेब ठेवते,
एवढंच मोजत होते:
त्याच्याकडे एक होतं. आता एकही नाही.
"पुढं रस्ता वाईट आहे," मी म्हटलं.
"माहीत आहे. आत्ता त्यावरूनच तुम्ही आलात ना,"
असं म्हणून हसला, आणि खाली निघून गेला.

आम्ही घरी पोचलो एका अंगाला कलून,
लंगड्या घोडीसारखे.

ओशुर मुर्गाबच्या बाजारात विचारत असतो.
तोख्तोसुन तिथं पुष्कळ.
एक जण म्हणाला, तो ओशला गेला.
एक जण काही न बोलता चहा ओतत राहिला,
पेला भरून सांडला तरी.

आता टपावर तीन आणि एक, चार चाकं.
माझ्या फळीवरची जागा आणखी रुंद झालीय.
वहीत उधारीच्या पानावर, जिथं गिऱ्हाइकांची नावं असतात,
तिथं एकदाच माझं नाव आहे:
चाक एक, पाच भोकं, लहान.

दर वसंतात मी टपावर चढते, दाबमापक घेऊन.
सहा महिन्यांत हवा थोडी उतरतेच.
पंप मारते, खांदा भरून येईस्तोवर.
तो आला आणि त्यानं अंगठ्यानं दाबून पाहिलं,
तर टणक लागलं पाहिजे.