शिथिल

परिपत्रकात शब्द आहे : शिथिल.
गायधनी बाईंनी चष्मा कपाळावर ढकलून
तो दोनदा वाचला, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या,
ती वर्तुळं तुम्हीच काढली होती ना सर?
मग तुम्हीच पुसा.

मीच काढली होती.
चित्रकलेचा मास्तर, ज्याचा तास मोबाइलवर कुणी लावायचं नाही.
सुतळीला खिळा, सुतळीलाच खडू,
वर पिवळा ऑइलपेंट,
फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत एकशे चौदा.
दिवाळीनंतर शाळा उघडणार होती म्हणून.
उघडली नाही.
गांगुर्डे मामा खिळा दाबून उकिडवे बसलेले,
"एवढी गोल भाकरी आमच्या घरात कुणाला जमली नाही, सर."

पुसायला सुतळी लागत नाही.
बरंच आहे.
दुसरं टोक धरायला मामा नाहीत.
त्यांच्या जागी अनुकंपावर लागलेला त्यांचा मुलगा, भूषण,
पत्र्याच्या पट्टीनं खरवडतोय,
आणि मी टर्पेंटाइनचा बोळा फिरवतोय त्याच्या मागे मागे.
रंग निघत नाही.
शहाबादी आहे, पिऊन बसलीय.

बाकी गोष्टी सोप्या गेल्या.
नळांना बांधलेली तार सुटली,
एकाआड एक बाकांवरच्या लाल फुल्या
नखानं उकलल्या, चिकटा तेवढा राहिला.
एमआयडीसीतल्या एका पालकानं वेल्डिंग करून दिलेला
पायानं दाबायचा सॅनिटायझरचा स्टँड
प्रयोगशाळेत सांगाड्याशेजारी उभा केला.
ताप मोजायची बंदूक कपाटात गेली.
शेवटी शेवटी ती सगळ्यांना बत्तीस दाखवायची,
भिंतीलासुद्धा.

फेब्रुवारीत दुसरीला विषय दिला होता : माझे सर.
सदतीस कागदांवर मी,
डोळ्यांखाली निळा चौकोन, कानांपर्यंत दोन दोऱ्या.
विचारलं, तोंड कुठाय?
आत आहे सर.

मीही त्यांना भुवयांवरूनच ओळखतो.
म्हणून आज फाटकातून
धाकट्या भावाच्या दाखल्याचे कागद घेऊन
आईच्या पुढे पळत आलेली मुलगी
मला कळली नाही.
समोरचे दोन दात पडलेले, हनुवटीला खळी.
"मी अल्फिया, सर."
पिंजारी?
"हो, तीच."
तीच. पण अर्धी नवी.

तिनं पट्टी बघितली, बोळा बघितला.
"माझा पण पुसणार?"
तुझा कुठला?
टाकीकडून तिसरा, कड फुटलेला.
ती त्यात जाऊन उभी राहिली, पाय जुळवून,
पहिल्यासारखी.
"इथून पोपटाचं भोक दिसतं. त्या आंब्यात.
दुसऱ्या कुठूनच नाही दिसत."
मी वाकून बघितलं. दिसत होतं.
दीड वर्षं रोज ओलांडलेलं वर्तुळ,
आणि मला माहीत नव्हतं.

तेवढ्यात भाऊ घुसला आत, कागद चुरगाळत,
मला पण, मला पण,
आणि ढकलाढकलीत दोघांचे पाय पिवळ्या रेघेवर,
रेघेबाहेर, परत आत.
आई ओरडली : लांब राहा रे.
सवयीनं ओरडली, आणि गप्प झाली.

भूषणनं मान वर केली.
"सर, हा राहू देऊ?"
परिपत्रक खिशातच होतं.
मी म्हटलं, आधी वरच्या मजल्यावरची बाकं बघू.

पहिल्या पाळीचा भोंगा झाला तेव्हा
बाईंनी गॅलरीतून विचारलं, किती राहिली?
शहाबादी आहे बाई, वेळ लागतो.
शुक्रवारच्या आत उरका, म्हणाल्या.

रात्री नखांतला पिवळा तसाच ठेवून
अल्फियाचा चेहरा काढायला घेतला.
डोळे एका दमात आले.
दात नसलेली फटही आली, अगदी बरोबर.
नसलेल्यावर आता हात बसलाय.
हनुवटीशी मात्र अडलो,
तीनदा खोडली, कागद तिथं पातळ झाला.

असो.
सोमवारी घंटा झाली की
समोर बसवून पुरी करू.