गृह अभ्यास अहवाल

बोरस्ते मॅडम आल्या तेव्हा हर्षदानं
तिसऱ्यांदा फरशी पुसली होती.
त्यांनी फरशीकडे पाहिलंच नाही.
गॅलरीच्या दोन गजांमधलं अंतर विचारलं.
मी खिशातून पट्टी काढली.
सातपूरला बावीस वर्षं इन्स्पेक्शनला आहे,
खिशात पट्टी असतेच.
एकशे दहा मिलिमीटर.
त्यांनी लिहून घेतलं. मग म्हणाल्या,
चिडलात की तुम्ही काय करता?

त्याचं माप माझ्याकडे नव्हतं.

कागद तोवर जमले होते.
लग्नाचा दाखला लग्नानंतर चौदा वर्षांनी काढला.
कारकून म्हणाला, आत्ता कशाला लागला, सगळं ठीक ना?
आम्हा दोघांचं रक्त आणि छाती धड असल्याचं
डॉक्टरचं सही-शिक्क्याचं पत्र,
आयकराची विवरणं,
आणि दोन शिफारशी. त्यातली पिंगळे काकांची, फुलस्केपवर:
‘सदर जोडपे मेंटेनन्स वेळेवर भरते.
रात्री-अपरात्री आवाज नसतो.’
खाली, दुसऱ्या पेनानं:
‘खरे तर दिवसाही नसतो.’

अर्जात एक पान होतं,
मूल कसं चालेल त्याचं.
वय. मुलगा की मुलगी. प्रकृती.
मी दिवसभर हेच तर करतो.
गेज आत गेलं तर पुढे, नाही गेलं तर लाल डबा.
त्या रात्री माऊसवर हात ठेवून बसलो
आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा
डब्याच्या आतून वर पाहिलं.
हर्षदा म्हणाली, काहीतरी भरावं लागेल ना.
भरलं.
काय भरलं ते सांगणार नाही.

मग तीन वर्षं नुसता क्रमांक.
चहा उकळेपर्यंत बघून घ्यायचा.
कधी चाळीसनं सरकायचा,
कधी नवरात्र ते संक्रांत जागचा हलायचा नाही.

आला तो मंगळवारी, सेकंड शिफ्टला.
एक फोटो, एक तपासणी अहवाल,
हो म्हणायला अठ्ठेचाळीस तास.
दोन वर्षं चार महिने. नऊ किलो आठशे.
एकाच पायात चप्पल,
फोटो काढणाऱ्यावर जरा संशय.
देवळालीहून आईचा फोन, रक्त कुणाचं कोण जाणे.
हर्षदानं कागद उलटला.
‘बी पॉझिटिव्ह, आई. तुमचंच.’

अठ्ठेचाळीसातले अडतीस तास आम्ही काय केलं?
हो तर दहाव्या तासालाच म्हणून झालं होतं.
मी एका ओळीपाशी अडकलो होतो.
जन्मदात्रीनं मूल समितीसमोर स्वाधीन केलं.
कायदा तिला साठ दिवस देतो, मन बदलायला.
साठ दिवस.
एकसष्टाव्या दिवशी ती कुठे असेल?
कामावर? बसमध्ये? कुणाला तारीख विचारली असेल का?
अहवालात त्यासाठी रकाना नाही.
नसावाच, असं बोरस्ते मॅडम म्हणाल्या,
आणि त्यांनी चष्मा पुसला.

आदेशाच्या दिवशी जुन्या सीबीएसजवळ रिक्षा सोडली,
कलेक्टर कचेरीच्या बाकावर तीन तास.
ती हर्षदाच्या पर्समधल्या वस्तू
एकेक काढून माझ्या मांडीवर लावत होती,
अगदी ओळीनं. मी हात न हलवता बसलो.
आमच्या सह्या कितीतरी ठिकाणी होत्या.
तिची कुठेच नव्हती.
एवढं एकच मला त्या फाइलीत
चुकल्यासारखं वाटलं,
पण चूक दाखवायची कुठे?

आता दर सहा महिन्यांनी मॅडम येतात,
दोन वर्षं येतील.
परवा आल्या तेव्हा हर्षदानं फरशी पुसली नव्हती.
विचारलं, झोपते नीट? जेवते? काय म्हणून हाक मारते?
तेवढ्यात गॅलरीतून खण्ण.
एकशे दहा मिलिमीटरमधून माझी पट्टी
खाली, पिंगळे काकांच्या स्कूटरवर.
जाळी बसवायची राहिलीय, मी म्हणालो.
काका खालून ओरडत होते.
ती वरून त्यांना उत्तर देत होती.
मॅडमनी पेन उघडलं,
थोडा वेळ ऐकलं,
आणि लिहायला लागल्या.